परकी वाद्ये, घरची कथा



अजिंठ्याच्या पायथ्याशी बसलेल्या श्रोत्यांना कलेचा इतिहास ऐकविणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाचे वर्णन करण्यासारखे आहे. फर्दापूरच्या माणसाने लेणी जितक्या वेळा पाहिली असतील, तितक्या वेळा बाहेरच्या पंडिताने पाहिलेली नसतात. म्हणून आज लेण्यांवर व्याख्यान देण्याचे धाडस मी करणार नाही. मी निवडलेला विषय लेण्यांपासून इतका दूरचा आहे की, त्याचे नाव वाचून काही वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. मुंबईत इ. स. २००० साली काही तरुणांनी एक वाद्यमंडळी उभी केली. तिचे नाव 'डेमॉनिक रिझरेक्शन', म्हणजे आपल्या भाषेत 'आसुरी पुनरुत्थान'. विजेच्या गिटारी, दुहेरी ढोल, घोगरा गर्जणारा कंठ आणि या सर्वांच्या पाठीशी पाश्चात्य वाद्यवृंदाचा घोष, असे तिचे संगीत. अशा संगीतास जगात 'सिंफनिक मेटल' म्हणतात. या मंडळीची वाटचाल आज आपणांसमोर मांडावयाची आहे.

असला विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली ती नव्या वाऱ्यांची चर्चा चार शहाण्या माणसांसमोर व्हावी म्हणूनच. आपल्या घरांतील मुले कानांत यंत्रे खुपसून काय ऐकतात, हे आपणांस ठाऊक नसेल, तर ते ठाऊक करून घेण्याची ही जागा आहे. शिवाय या मंडळीच्या इतिहासात मला एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिसते. परक्या देशातून आलेली कला आपली केव्हा होते, हा तो प्रश्न.

पेटीचा दाखला

आधी घरातलेच उदाहरण घेऊ. आपल्या भजनात, कीर्तनात, तमाशात आणि संगीत नाटकात जी पेटी वाजते, तिचा जन्म फ्रान्समधला. १८४२ साली पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने तिचे स्वामित्व-पत्र घेतले. तिकडे ती पायाने भाता चालवून वाजविण्याची होती. आपल्याकडे ती मांडी घालून, एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी वाजू लागली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ही तक्रार जाणकारांनी मोठ्या तीव्रतेने केली. इतकी की १९४० पासून पुढे सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती. परंतु त्या तीस वर्षांत एखाद्या गावचे भजन पेटीवाचून अडले, असे कोणी ऐकले आहे काय? पेटी घरची झाली होती. व्हायोलिनचे तेच. कर्नाटक संगीताने ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आपलेसे करण्यास सुरुवात केली, आणि आज त्यावाचून तिकडची मैफल पुरी होत नाही. लग्नाच्या वरातीत सनईबरोबर क्लॅरिओनेट व कर्णे आले, तेही गोऱ्या पलटणींच्या बँडमधूनच.

ही वाद्ये आपली झाली, कारण त्यांवर आपण आपली चीज वाजविली. साहेबाची धून हुबेहूब वाजवीत बसलो असतो, तर ती आजही पाहुणीच राहिली असती.

वृंदवादन ही गोष्ट तर आपल्याला अगदीच नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वादकांच्या समुदायास 'कुतप' अशी संज्ञा आहे. आणि फर्दापूरकरांना ग्रंथ उघडण्याचेही कारण नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग आहे. त्यात मध्यभागी नर्तकी असून तिच्याभोवती बासऱ्या, टाळ व मृदंगादी वाद्ये घेतलेल्या स्त्रिया आहेत. अनेक वाद्यांनी एकत्र येऊन एक भाव उभा करावयाचा, ही कल्पना त्या भिंतीवर पंधराशे वर्षांपासून रंगविलेली आहे.

मुंबईतील पहिला प्रयोग

पाश्चात्य पद्धतीचा वाद्यवृंद मुंबईत रुजविण्याचे पहिले मोठे श्रेय मेहली मेहता यांजकडे जाते. त्यांनी १९३५ साली 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. जगप्रसिद्ध वृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. परंतु या वृंदाची रचना युरोपियन होती, आणि श्रोतेही बहुशः त्या संस्कारातले होते.

पुढचे पाऊल टाकले ते एका गोवेकराने. गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवीत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात जे नाव आपण सर्वांनी गुणगुणले आहे, ते या गुरूच्या आदराने घातलेले आहे. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतातील तो भरगच्च वाद्यमेळ गोन्साल्विस यांच्यासारख्या शेकडो गोवेकर वादकांनी घडविला. मात्र श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. गोन्साल्विस यांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा प्रयोग केला. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यात गायले. वृंद पाश्चात्य, परंतु रचनांचा पाया आपले राग, अशी ती कल्पना होती.

प्रयोग झाला, संस्था मात्र टिकली नाही. शंभर वादकांचा संसार चालवावयाचा तर त्यामागे राजा तरी हवा, नाही तर लोक तरी हवेत. दोन्ही नव्हते. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेस निघून गेले. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे आपल्याला पुन्हा त्याच अडचणीशी यावयाचे आहे.

लोखंडाच्या गावचे संगीत

आता मेटल म्हणजे काय ते पाहू. या संगीताचा उगम इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात, कारखान्यांच्या वस्तीत झाला. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबावयाची ती हीच बोटे. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणे केली, हलक्या तारा चढविल्या, आणि पुढे त्या तारा सैलही केल्या. तार सैल केली की स्वर खाली उतरतो. त्या उतरलेल्या, जड स्वरांतून 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीचा आवाज घडला. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालची. ज्या संगीतास लोक नुसता दंगा म्हणतात, त्याच्या मुळाशी कामगाराची तुटलेली बोटे आहेत, हे विसरू नये.

या गिटारीचा जो कर्कश, करवतीसारखा ध्वनी असतो, त्याचेही शास्त्र आहे. ध्वनिवर्धक त्याच्या शक्तीपलीकडे चालविला की, आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात, आणि त्या कापलेल्या लहरींतून मूळ स्वराच्या पटीतील अनेक उपस्वर उमटतात. सामान्यतः हा यंत्राचा दोष; येथे तो मुद्दाम साधलेला गुण आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावून आपण उपस्वरांचा झंकार मिळवितो, त्याच जातीची ही युक्ती. फक्त तिचा स्वभाव रांगडा.

अशा या संगीताची पाश्चात्य अभिजात वाद्यवृंदाशी सोयरीक जुळविण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. 'डीप पर्पल' या इंग्लिश मंडळीने १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वृंदासमवेत कार्यक्रम केला. जर्मनीतील हॅम्बर्गच्या 'हेलोवीन' या मंडळीने १९८७ च्या सुमारास जलद लय, उंच व स्वच्छ कंठ आणि वीरश्रीचे विषय यांची सांगड घातली. त्यास 'पॉवर मेटल' हे नाव पडले. आपल्या पोवाड्याची आठवण व्हावी अशीच ती वृत्ती. या दोन्ही प्रवाहांचा संगम फिनलंडच्या 'नाइटविश' या मंडळीत झाला.

नाइटविशची हकीकत दोन वाक्यांत सांगून सोडण्यासारखी नाही. फिनलंडच्या पूर्वेस, रशियाच्या सरहद्दीजवळ किटे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९९६ साली तुओमास होलोपाइनेन याने ही मंडळी काढली. गावचीच तार्या तुरुनेन ही अभिजात गायकीचे शिक्षण घेत असलेली मुलगी गायिका झाली. १९९८ च्या 'ओशनबॉर्न' या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव पसरले, आणि २००४ च्या 'वन्स' या ध्वनिमुद्रिकेत तर लंडन फिलहार्मोनिक वृंद त्यांच्या पाठीशी वाजला. पुढल्याच वर्षी, हेलसिंकीतील एका मोठ्या कार्यक्रमानंतर, मंडळीने उघड पत्र लिहून तुरुनेनला दूर केले. त्यानंतर दोन गायिका आल्या, तरी मंडळी थांबली नाही. अशा खेड्यात असे वादक निपजले कसे? याचे एक कारण असे की, फिनलंडच्या शासनाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कायदा करून गावोगावच्या संगीतशाळांना नियमित साहाय्य देण्यास आरंभ केला. होलोपाइनेनच्या पिढीतील मुले याच व्यवस्थेत वाढली. ज्या झाडाचे फळ जगाने १९९८ साली खाल्ले, ते लावून तोवर जवळजवळ तीस वर्षे झाली होती.

रंगभवनची पायरी

मुंबईच्या मुलांना असे कोणतेही खत मिळाले नव्हते. त्यांना मिळाले धोबी तलावाचे रंगभवन. गोन्साल्विस यांचा प्रयोग जेथे झाला, त्या सेंट झेवियर्सच्या शेजारचेच हे खुले नाट्यगृह. १९८६ पासून तेथे 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव भरू लागला, आणि कॉलेजातली पोरे तेथे दाटीवाटीने उभी राहू लागली. महेश तिनईकर, उदय बेनेगल इत्यादींची 'रॉक मशीन' ही मंडळी १९८४ सालची. त्या काळी बहुतेक मंडळ्या विलायती गाणी जशीच्या तशी वाजवीत. मूळ गाण्याशी जो अधिक मिळता, तो अधिक मोठा कलावंत, असा हिशेब होता. रॉक मशीनने १९८८ साली स्वतः रचलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली, ही गोष्ट त्या दृष्टीने महत्त्वाची. पुढे १९९३ मध्ये या मंडळीने आपले नावही बदलून 'इंडस क्रीड' असे केले.

नक्कल करणे सर्वस्वी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि याला साक्ष फर्दापूरचीच आहे. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम येथे तळ देऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेत होत्या. त्यांच्या हाताखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे बंगाली तरुण होते. त्यांनी येथे नक्कलच केली. परंतु ती करता करता रेषेचे मर्म त्यांच्या हाती लागले, आणि परत गेल्यावर त्यांनी काढली ती चित्रे त्यांची स्वतःची होती. आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट याच नंदलालबाबूंच्या मार्गदर्शनाखाली झाली. नक्कल ही उमेदवारी होय. उमेदवारी संपल्यावर जो स्वतःचे दुकान थाटत नाही, तो जन्मभर उमेदवारच राहतो.

आसुरी पुनरुत्थान

या पार्श्वभूमीवर २००० साली साहिल मखिजा या तरुणाने 'डेमॉनिक रिझरेक्शन'ची स्थापना केली. 'डेमनस्टीलर' हे त्याचे टोपणनाव, आणि त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीची. मंडळीचा पिंड निव्वळ पॉवर मेटलचा नव्हे. गर्जणारा घोगरा कंठ आणि काळोखाचे विषय तिने मेटलच्या अधिक उग्र शाखांकडून घेतले. परंतु त्याच गाण्यात मध्येच स्वच्छ, उंच, वीरश्रीपूर्ण गायन येते, आणि पाठीमागे सिंफनीचा विस्तार उभा राहतो. हा विस्तार कोठून आणावयाचा? शंभर वादक ठेवणे गोन्साल्विस यांना झेपले नाही, तेथे कॉलेजवयाच्या पोरांची काय कथा? त्यांनी उपाय काढला तो कीबोर्डचा. खऱ्या व्हायोलिनांचे, कर्ण्यांचे व समूहगायनाचे ध्वनी साठवून ठेवलेले हे यंत्र एक माणूस दोन हातांनी वाजवितो. 'मेफिस्टो' हे टोपणनाव घेतलेल्या वादकाने अनेक वर्षे हे काम सांभाळले. ज्या शहरात सिंफनीचा वृंद टिकविणे कठीण, तेथे सिंफनी एका मेजावर आली.

२००५ साली 'अ डार्कनेस डिसेंड्स' ही ध्वनिमुद्रिका आली, २००७ मध्ये 'बियाँड द डार्कनेस', आणि २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस'. काळोखाचे हे त्रिखंड पुरे व्हावयास पाच वर्षे लागली. तिसरी ध्वनिमुद्रिका इंग्लंडच्या 'कँडललाइट रेकॉर्ड्स' या संस्थेने परदेशी वितरित केली. त्याच वर्षी मंडळी नॉर्वेतील ऑस्लोच्या 'इन्फर्नो' महोत्सवात आणि चेक प्रजासत्ताकातील 'ब्रूटल असॉल्ट' महोत्सवात वाजवून आली, आणि इंग्लंडच्या 'मेटल हॅमर' मासिकाने जगभरातील मंडळ्यांसाठी ठेवलेले पारितोषिक तिला मिळाले. २०१४ साली 'द डीमन किंग' ही पुढची ध्वनिमुद्रिका निघाली.

ही नामावली ऐकून वैभवाचे चित्र उभे राहील. ते खरे नव्हे. या अवधीत मुंबईत त्यांना वाजवावयास जागा मिळणेच दिवसेंदिवस कठीण होत गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता-क्षेत्र ठरविले, आणि रंगभवनासारख्या जागी असले कार्यक्रम होणे बंद पडले. नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. रुग्णाच्या झोपेचा हक्क कोणत्याही गाण्यापेक्षा मोठा आहे. परंतु एक दार बंद केल्यावर दुसरे उघडून देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, हेही खरे.

मग मखिजा याने जे केले, ते मला या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. ध्वनिमुद्रणाचे तंत्र तो स्वतः शिकला. 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' नावाची संस्था काढून त्याने इतर होतकरू मंडळ्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. 'रिझरेक्शन' या नावाने कार्यक्रम भरवून त्यांना व्यासपीठ दिले. आणि पोटासाठी? या गृहस्थाने स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू केला! 'हेडबँगर्स किचन' या नावाने त्याने यूट्यूबवर पाककृती दाखविण्यास आरंभ केला. पुढे कमी पिठूळ, अधिक स्निग्ध अशा केटो आहाराच्या पाककृतींमुळे त्यास देशोदेशीचे लक्षावधी प्रेक्षक मिळाले. रात्री आसुरी गर्जना आणि दिवसा कढईत पनीर, असा हा संसार. आपण हसता, ते बरोबरच आहे. परंतु यातील अर्थ गंभीर आहे. ज्या कलेला राजाश्रय नाही आणि लोकाश्रय तोकडा आहे, तिचा आश्रय कलावंताला स्वतःच्या दुसऱ्या हाताने उभा करावा लागतो.

दशावतार

२०१७ साली मंडळीची जी ध्वनिमुद्रिका आली, तिचे नाव 'दशावतार'. दहा गाणी, प्रत्येक अवताराचे एक : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. गिटारवर निशीथ हेगडे, बेसवर अश्विन श्रीयान, ढोलांवर वीरेंद्र कैथ, आणि गायन व गिटार मखिजा याचे. विलायती वाद्यमेळाच्या जोडीला या वेळी भारतीय वाद्यांचे ध्वनी आले. स्थापनेपासून सतरा वर्षे लोटली होती. नंदलालबाबूंच्या दृष्टान्ताने बोलावयाचे तर, उमेदवारी संपून दुकान थाटले गेले होते.

विषयाची ही निवड महाराष्ट्राला सहज ओळखीची वाटावी. तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक रंगते. तेथे संकासुर येतो, युद्ध होते, आणि मृदंगाच्या व झांजांच्या आवाजाने देवळाचे आवार दणाणते. आपल्या जिल्ह्यात वेरूळचे पंधरावे लेणे दशावतार या नावानेच प्रसिद्ध आहे. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख तेथे आहे, आणि वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झडप घालणारा नरसिंह कोरलेला आहे. ज्यांना हे संगीत कर्कश वाटते, त्यांनी त्या शिल्पासमोर क्षणभर उभे राहावे. तेथे काय शांतरस आहे? रौद्र, भयानक व बीभत्स हे रस आपल्याच शास्त्राने मानलेले आहेत. खांबातून निघालेल्या नरसिंहाचा आवाज बासरीसारखा असणे शक्य नव्हते. मेटलच्या घोगऱ्या गर्जनेला येथे प्रथमच असा विषय मिळाला की ज्याला ती शोभून दिसते.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र या भूमीवर केलाच पाहिजे. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार मानण्याची जी पौराणिक परंपरा आहे, तिचा अनुवाद या ध्वनिमुद्रिकेत आहे. बौद्ध समाजास ती मान्य नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तिचा स्पष्ट नकार आहे. अजिंठ्याची लेणी जेथे आहेत, तेथे तर हे स्मरण अधिकच ठेवले पाहिजे. कलावंताने जुनी कथा हाती घेतली की, तिच्या पोटातले वादही तो हाती घेतो. कथा घरची करून घेण्याची ही किंमत आहे, आणि ती जाणून द्यावी हे बरे.

'दशावतार'नंतर मंडळीचा वेग मंदावला. मखिजा याने 'डेमनस्टीलर' या नावाने एकट्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. २०१८ ची 'द लास्ट रेप्टिलियन वॉरियर' आणि २०२३ ची 'द प्रोपगंडा मशीन' या त्यांपैकी. दरम्यान दिल्लीची 'ब्लडीवुड' ही मंडळी ढोल, बासरी व पंजाबी-हिंदी शब्द घेऊन २०१९ साली जर्मनीच्या वॅकन महोत्सवात जाऊन आली. भारतीय मंडळीने भारतीय म्हणूनच वाजवावे, यात आता कोणाला नवल वाटत नाही. ही वाट मळविणाऱ्यांत मुंबईच्या मंडळीचा वाटा मोठा आहे.

आश्रयाचा प्रश्न

आता शेवटचा मुद्दा. अजिंठ्याची लेणी कोणी केली? सोळाव्या लेण्यात वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करविले. आणि त्यांच्याही कित्येक शतके आधी बाराव्या लेण्याचे दान घनमदड नावाच्या एका वाण्याने दिले. मंत्री, भिक्षू आणि वाणी, तिघेही आश्रयदाते. अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी सबंध हयात या लेण्यांच्या अभ्यासात घालविली. त्यांचे मत असे की, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाचा मृत्यू होताच आश्रय आटला आणि काम जागच्या जागी थांबले. त्यांच्या कालगणनेविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु अर्धी कोरलेली लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. छिन्नी चालविणारा हात तोच होता. धान्य देणारा हात गेला होता.

गोन्साल्विस यांचा वृंद याच कारणाने मोडला. डेमॉनिक रिझरेक्शन टिकली, पण कढई व झारा हाती घेऊन. किटे गावची मुले पुढे गेली, कारण त्यांच्या शासनाने संगीतशाळेचा दिवा तेवत ठेवला होता. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मला जे म्हणावयाचे आहे ते आपोआप दिसते. परकी कला घरची होण्यास दोन गोष्टी लागतात : कलावंताने नक्कल सोडून आपले म्हणणे मांडावयाचे, आणि समाजाने त्याला उभे राहण्यास जागा द्यावयाची. पहिली गोष्ट मुंबईच्या या तरुणांनी सतरा वर्षांच्या खटपटीने करून दाखविली. दुसरी अजून व्हावयाची आहे, आणि ती कलावंताच्या हातची नाही.

सोयगाव, फर्दापूर, अजिंठा या पट्ट्यातही गिटार घेतलेली मुले आहेत, कीबोर्डवर बोटे फिरविणाऱ्या मुली आहेत. त्यांचे संगीत आपणांस आवडलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. मलाही त्यातले सगळेच आवडते असे नाही. परंतु सुटीच्या दिवशी शाळेचा एखादा वर्ग, रात्री दहाच्या आत पंचायतीचे सभागृह, आणि वर्षातून एकदा याच मंडपात अर्धा तास, एवढे त्यांना देणे आपल्याला जड नाही. घनमदड वाण्याने दान दिले तेव्हा पुढे या डोंगरात काय काय होणार आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते.